प्रोतासिव यारचा रोमन

रोमन रातुश्नी याचा जन्म ५ जुलै १९९७ रोजी कीव्हमध्ये झाला. युक्रेन स्वतंत्र होऊन तेव्हा सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. डिसेंबर १९९१च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला होता, पण जुनी कार्यालयं, जुने अधिकारी आणि जुन्या सवयी बऱ्याच अंशी जागच्या जागी होत्या. रोमनच्या पिढीने सोव्हिएत संघ पाहिला नाही, वडीलधाऱ्यांकडून ऐकला. स्वतंत्र देश तिला जन्मतःच मिळाला. त्या देशात कायदा कुणासाठी चालतो, हे मात्र तिला स्वतःच शोधावं लागलं.

त्याची आई स्वितलाना पोवाल्यायेवा कवयित्री, कादंबरीकार आणि पत्रकार. वडील तारास रातुश्नी हेही पत्रकार, आणि कीव्हच्या जुन्या वास्तू वाचवण्यासाठी झटणारे कार्यकर्ते. रोमनला वासिल नावाचा भाऊ होता. घरात पुस्तकं होती, सार्वजनिक प्रश्नांवरचे वाद होते, आणि निदर्शनांना जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. मुलं ज्या कीव्हमध्ये वाढली ते नीपर नदीच्या उंच काठावरचं, टेकड्या, घळी आणि दाट झाडीचं शहर आहे. या शहराचा एक हिरवा उतार पुढे रोमनच्या आयुष्याचं काम झाला.

त्याचं सार्वजनिक आयुष्य सोळाव्या वर्षी सुरू झालं. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष व्हिक्तोर यानुकोविच यांच्या सरकारने युरोपीय संघाबरोबरच्या सहकार्य कराराची तयारी अचानक थांबवली. मॉस्कोचा दबाव त्यामागे होता, हे उघड होतं. त्याच रात्री कीव्हच्या स्वातंत्र्य चौकात लोक जमू लागले. या चौकाला तिथे नुसतं ‘मैदान’ म्हणतात. पहिल्या दिवसांत गर्दी मुख्यतः विद्यार्थ्यांची होती. महिनाअखेरीस विल्न्यूस इथल्या परिषदेत करारावर सही झाली नाही, आणि आंदोलन आता आपोआप विरेल असं अनेकांना वाटलं.

ते विरलं नाही, याचं कारण ३० नोव्हेंबरची पहाट. चौकात नाताळचं झाड उभारायचं आहे, असं निमित्त काढून ‘बेरकुत’ या विशेष पोलिस दलाने चारच्या सुमारास उरलेल्या निदर्शकांवर लाठ्या चालवल्या. पळणाऱ्यांनाही गाठून मारलं, पडलेल्यांनाही मारलं. काही मुलं चढावरच्या सेंट मायकेल मठाकडे धावली. मठाचे दरवाजे उघडले आणि ती आत घेतली गेली. हा मठ सोव्हिएत राजवटीने १९३०च्या दशकात जमीनदोस्त केला होता आणि स्वतंत्र युक्रेनने तो नव्याने बांधला होता. त्या पहाटे मार खाल्लेल्यांत सोळा वर्षांचा रोमन होता.

दुसऱ्याच दिवशी लाखो लोक रस्त्यावर आले. आता प्रश्न केवळ युरोपीय कराराचा राहिला नव्हता. झोपाळलेल्या पोरांवर हात टाकणारी सत्ता चालवून घ्यायची की नाही, हा प्रश्न झाला होता. हिवाळाभर चौक तंबूंनी, अडथळ्यांनी आणि शेकोट्यांनी भरून राहिला. फेब्रुवारी २०१४च्या तिसऱ्या आठवड्यात गोळीबार झाला. आंदोलनात शंभरहून अधिक निदर्शक मारले गेले, आणि युक्रेनमध्ये त्यांना ‘स्वर्गीय शंभर’ या नावाने ओळखतात. यानुकोविच देश सोडून पळाले. मार्चमध्ये रशियाने क्रिमिया बळकावला आणि एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या डोनबासमध्ये युद्ध सुरू झालं.

युक्रेनच्या इतिहासात स्वयंसेवक सैनिक ही ठळक आकृती याच वसंतात पुढे आली. कागदावर सैन्य मोठं होतं, पण लढायला खरोखर तयार तुकड्या मोजक्याच होत्या. गणवेश, बूट, चिलखती जाकिटं, रात्रीच्या दुर्बिणी, अगदी मलमपट्टीचं सामानसुद्धा अपुरं होतं. ती पोकळी मैदानातल्या माणसांनी भरली. कुणी थेट स्वयंसेवक तुकड्यांत दाखल झालं, कुणी वर्गणी गोळा करून माल आघाडीवर पोचवू लागलं. या तुकड्यांत नाना विचारांचे लोक होते. काही कडवे राष्ट्रवादी होते, काहींनी त्याआधी राजकारणाकडे पाहिलंही नव्हतं. या युद्धात २०२१ अखेरपर्यंत दोन्ही बाजूंचे सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १४,००० जीव गेले. बाहेरच्या जगाने मात्र ते युद्ध जवळजवळ विसरून टाकलं होतं.

रोमन तेव्हा बंदूक हाती घेण्याच्या वयाचा नव्हता. तो कायदा शिकला, काही काळ पत्रकारितेत रमला, आणि त्या पहाटेच्या माराचा हिशेब न्यायालयात मागायला लागला. देशातला तपास रेंगाळत होता. बरेच बेरकुत जवान क्रिमियात किंवा रशियात निघून गेले होते, पुरावे नाहीसे झाले होते. मैदानातल्या पीडितांनी मग स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली, आणि त्यांत रोमनही होता. निकाल २१ जानेवारी २०२१ रोजी लागला. शांत निदर्शकांवर राज्याने जाणूनबुजून आणि अतिरेकी बळ वापरलं, त्याचा तपासही नीट केला नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सोळाव्या वर्षी अंगावर पडलेल्या लाठीचा न्याय त्याला तेविसाव्या वर्षी मिळाला. तक्रार सोडायची नाही आणि कागद हातचा जाऊ द्यायचा नाही, ही त्याची रीत याच काळात पक्की झाली.

ती रीत प्रोतासिव यारमध्ये पणाला लागली. कीव्हच्या सोलोम्यान्स्की भागात बायकोवा आणि बातियेवा या दोन टेकड्यांच्या मधली ही घळ आहे. तिच्या उतारांवर झाडी आहे, हिवाळ्यात तिथे स्कीइंग चालतं, आणि आसपासच्या वस्त्यांना ती मोकळ्या हवेची जागा आहे. या उतारावर चाळीस मजल्यांच्या टोलेजंग इमारती उभ्या करण्याचा एका बांधकाम कंपनीचा बेत होता. स्वातंत्र्यानंतरच्या कीव्हमध्ये अशा गोष्टींची एक ठरलेली चाल होती. आधी जमीन भलत्याच कारणासाठी भाडेपट्ट्याने मिळवायची, मग तिचा वापर बदलून घ्यायचा, हिरव्या पट्ट्यांच्या यादीतून ती गुपचूप वगळायची, आणि एके सकाळी पत्र्याचं कुंपण घालून मोकळं व्हायचं. रहिवाशांना कळेपर्यंत झाडं पडलेली असत. पुणे-मुंबईच्या टेकड्यांचे आणि आरक्षणांचे वाद पाहिलेल्या वाचकाला हा प्रकार फार समजावून सांगायला नको.

२०१९मध्ये रोमन आणि शेजारच्या रहिवाशांनी ‘प्रोतासिव यार वाचवूया’ ही संघटना उभी केली. तो तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. कुंपणापाशी रात्री जागणं, लोक गोळा करणं, पत्रकारांना आणणं हे सगळं झालंच. पण त्याचा खरा जोर कागदांवर होता. कोणत्या ठरावाने जमीन दिली गेली, यादीतून ती कधी वगळली गेली, कुणाची सही होती, हे शोधून तो महापालिकेत आणि न्यायालयात उभा राहायचा. वकिलाच्या भाषेत बोलणारा, नगरसेवकांना त्यांचेच ठराव वाचून दाखवणारा हा पोरगा कंत्राटदारांना आणि त्यांच्या राजकीय पाठीराख्यांना चांगलाच जड गेला.

हे काम जिवावरचं होतं. जुलै २०१८मध्ये खेरसोन शहरात कातेरिना हांदझ्युक या कार्यकर्तीवर ॲसिड फेकलं गेलं होतं. ती शहर परिषदेतली अधिकारीही होती आणि स्थानिक भ्रष्टाचाराविरुद्ध बोलत होती. तीन महिने भाजलेल्या देहाने झुंजून ४ नोव्हेंबर २०१८ रोजी तिचा मृत्यू झाला. गावपातळीवरच्या सत्तेला आव्हान देणाऱ्याचं काय होऊ शकतं, हे सगळ्या देशाला तिच्या मरणाने दाखवलं. २०१९च्या शरद ऋतूत रोमनलाही जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही काळ त्याला भूमिगत व्हावं लागलं. धमक्या लपवून ठेवण्याऐवजी त्याने त्या जाहीर केल्या, आणि परत येऊन काम पुढे चालू ठेवलं. दीर्घ न्यायालयीन लढाईत त्या उताराचा हिरव्या पट्ट्याचा दर्जा टिकला आणि इमारती उभ्या राहिल्या नाहीत. ज्या शहरात अशा लढाया बहुतेक हरल्या जात, तिथे ही एक जिंकली गेली. पुढे तो सैनिक झाला नसता तरी त्याचं नाव शहराच्या इतिहासात राहावं, एवढ्या मोलाचं हे काम होतं.

२० मार्च २०२१ रोजी कीव्हमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोर मोठी निदर्शनं झाली. ओदेसाच्या न्यायालयाने सेर्ही स्तेर्नेन्को या कार्यकर्त्याला सात वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा सुनावली होती, त्या शिक्षेविरुद्ध ही निदर्शनं होती. निदर्शकांनी दर्शनी भिंती रंगवल्या, काचा फुटल्या, दार पेटलं. काही दिवसांनी रोमनवर गुंडगिरीचा आरोप ठेवून त्याला चोवीस तासांच्या नजरकैदेत टाकण्यात आलं. आपण काहीही तोडफोड केली नाही, हा प्रोतासिव यारचा सूड आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या पाठीशी तरुण कार्यकर्ते, लेखक आणि पत्रकार उभे राहिले. एप्रिलअखेर वरच्या न्यायालयाने नजरकैद उठवली.

या घटनेकडे नीट पाहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल देऊन दोन महिने झाले होते, आणि त्याच्याच देशाचं सरकार त्याला घरात कोंडून ठेवत होतं. यानुकोविच जाऊन सात वर्षं लोटली होती. मैदानानंतर निवडून आलेली दोन सरकारं पाहून झाली होती. या राज्याने त्याला मारलं होतं, धमक्यांपासून वाचवलं नव्हतं, आणि आता आरोपी केलं होतं. असा माणूस देशाकडे पाठ फिरवून बाहेर निघून गेला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. रोमनने राज्य चालवणारे अधिकारी आणि आपला देश यांत कधी गल्लत केली नाही. न्यायालयं सुधारता येतील, ठराव रद्द करवता येतील, पण त्यासाठी देश आपल्या हातात राहिला पाहिजे, हा विचार त्याच्या सगळ्या कृतींतून दिसतो.

२४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे रशियाने युक्रेनवर एकाच वेळी अनेक बाजूंनी हल्ला केला. कीव्ह काही दिवसांत पडेल, असे अंदाज परदेशी राजधान्यांत व्यक्त होत होते. रशियाचे छत्रीधारी सैनिक राजधानीलगतच्या होस्तोमेल विमानतळावर उतरले, उत्तरेकडून रणगाड्यांची रांग निघाली. खारकीव्हमध्ये भुयारी रेल्वेच्या स्थानकांत आणि तळघरांत हजारो लोकांनी आसरा घेतला. तिथल्या भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांमुळे त्या शहराचं नाव त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलं.

कीव्हमध्ये भरती केंद्रांसमोर रांगा लागल्या. प्रादेशिक संरक्षण दलाचा कायदा नुकताच, १ जानेवारीपासून, अमलात आला होता. शिक्षक, संगणक अभियंते, स्वयंपाकी, वकील यांना बंदुका वाटल्या गेल्या आणि अनेकांना त्या कशा चालवायच्या हे त्याच दिवशी शिकावं लागलं. रोमनने प्रोतासिव यारच्या आणि मैदानाच्या ओळखीतल्या मित्रांना घेऊन एक स्वयंसेवक गट उभा केला. कुंपणापाशी रात्री जागताना जमलेली माणसं आता शहराच्या वेशीवर जागत होती. एकमेकांवरचा विश्वास, कामाची वाटणी, वर्गणीतून गाडी नि सामान उभं करण्याची सवय हे सगळं त्यांच्याकडे आधीपासून होतं. युक्रेनचा प्रतिकार पहिल्या आठवड्यात टिकला त्याचं श्रेय शस्त्रांना आणि सेनापतींना दिलं जातं. ते योग्यच आहे, पण अशा छोट्या, आधीच जुळलेल्या गटांचा वाटाही त्यात मोठा आहे.

कीव्हभोवती लढल्यानंतर रोमन नियमित सैन्यात, ९३व्या स्वतंत्र यांत्रिक ब्रिगेडमध्ये दाखल झाला. ‘खोलोद्नी यार’ हे या ब्रिगेडचं मानाचं नाव. चेरकासी प्रांतातल्या त्या नावाच्या अरण्यात १९१९ ते १९२२ या काळात शेतकरी बंडखोरांनी बोल्शेविकांशी झुंज दिली होती, त्यांच्या स्मरणार्थ ते दिलेलं आहे. रोमन तिथे टेहळणी करणारा सैनिक झाला.

२६ मार्च २०२२ रोजी ब्रिगेडने सूमी प्रांतातलं त्रोस्त्यानेत्स हे छोटं शहर मुक्त केलं. या मोहिमेत रोमन होता. रशियाच्या सीमेपासून जवळच्या या शहरात महिनाभर शत्रूचा तळ होता. रेल्वे स्थानकासमोरचा चौक जळालेल्या रणगाड्यांनी आणि तोफांनी भरला होता, रुग्णालय फुटलं होतं, लोक तळघरांतून बाहेर येत होते. याच गावात १८६४च्या उन्हाळ्यात तरुण चायकोव्हस्कीने मुक्काम केला होता आणि आपली ‘वादळ’ ही पहिल्या काळातली वाद्यरचना केली होती; गाव तो मुक्काम अभिमानाने सांगत आलं होतं. रोमनचा रशियन संस्कृतीबद्दलचा सूर या काळात फार कडवा झाला. रशियन पुस्तकं, गाणी, सवयी स्वतःतून जाळून काढा, असं तो समाजमाध्यमांवर बजावून लिहीत होता. शत्रूला मारण्याबद्दलही त्याने विनासंकोच लिहिलं. शांततेत बसून वाचणाऱ्याला हे शब्द बोचतील. ते लिहिणारा चोवीस वर्षांचा होता, आणि कीव्हजवळच्या बुचातलं हत्याकांड नि त्रोस्त्यानेत्स यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या देशाच्या मनातलं बोलत होता.

एप्रिलच्या आरंभी रशियाने कीव्हभोवतालचं सैन्य मागे घेतलं आणि सगळा भार पूर्वेकडे वळवला. खारकीव्ह प्रांतातलं इझ्यूम हाती आल्यावर तिथून दक्षिणेला स्लोव्यान्स्कच्या दिशेने उतरायचं आणि डोनबासमधल्या युक्रेनी फौजेला पाठीमागून गाठायचं, असा बेत होता. ९३वी ब्रिगेड ती वाट अडवून उभी राहिली. ही लढाई शहरातल्या गल्ल्यांची नव्हती. उघडी शेतं, वाऱ्यासाठी लावलेल्या झाडांच्या रांगा, पाइनची वनं, आणि दिवसरात्र चालणाऱ्या तोफा. रशियाकडे तोफगोळे कितीतरी पट होते. युक्रेनच्या तोफांना प्रत्येक गोळा मोजून टाकावा लागे. म्हणून शत्रू नेमका कुठे आहे हे पुढे जाऊन पाहणाऱ्या माणसांवर सगळं अवलंबून असे. टेहळणीवाल्यांना आपल्या रांगांच्या पुढे, दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात वावरावं लागे, आणि त्यांतले बरेच परत येत नसत.

९ जून २०२२ रोजी इझ्यूमजवळ अशाच कामगिरीवर असताना रोमन मारला गेला. पंचविसावा वाढदिवस महिन्याहून कमी अंतरावर होता. रोज युक्रेनचे शंभर ते दोनशे सैनिक मरत आहेत, असं राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागाराने त्याच सुमारास परदेशी वार्ताहरांना सांगितलं. त्या आकड्यातल्या बहुतेकांची नावं त्यांच्या गावापलीकडे गेली नाहीत. रोमनचं नाव देशभर गेलं, कारण मैदान, न्यायालय, घळ आणि आघाडी या चारही ठिकाणी त्याला ओळखणारे लोक होते.

त्याने मरणाची तयारी करून ठेवली होती. अंत्यविधी कसा व्हावा, कुठे व्हावा, हे लिहून ठेवलं होतं, आणि त्या लिखाणात कीव्ह शहराला उद्देशून निरोप होता: आपण त्याच्यापासून दूर मेलो तरी त्याच्यासाठीच मेलो, अशा आशयाचा. चोवीस वर्षांच्या मुलाने इतक्या थंड डोक्याने स्वतःच्या दफनाचा तपशील लिहावा, यात त्या वर्षीच्या युक्रेनी तरुणांची स्थिती दिसते. आघाडीवर जाणाऱ्या अनेकांनी अशी पत्रं मागे ठेवली होती.

१८ जून रोजी सेंट मायकेल मठात प्रार्थना झाली. २०१३च्या पहाटे मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांना आसरा देणारा हाच मठ. तिथून शवपेटी मैदानावर नेण्यात आली आणि शेकडो लोकांनी गुडघे टेकले. त्यांत त्याचे सहसैनिक होते, आघाडीवरून रजा काढून आलेले मित्र होते, आणि प्रोतासिव यारचे रहिवासी होते. दफन बायकोवे दफनभूमीत झालं. लेस्या उक्राइन्का ही कवयित्री, इतिहासकार मिखाइलो हृशेव्हस्की, आणि सोव्हिएत छावणीत मेलेला कवी वासिल स्तुस यांच्या समाध्या तिथेच आहेत. दफनभूमीची ती बायकोवा टेकडी प्रोतासिव यारला लागूनच आहे.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी युरोपीय आयोगाने युक्रेनला सदस्यत्वाचा उमेदवार मानावं अशी शिफारस केली होती. २३ जून रोजी युरोपीय नेत्यांनी ती मंजूर केली. ज्या कराराच्या नकारापासून सगळी हकीकत सुरू झाली, तो करार २०१४मध्येच झाला होता. आता त्याच्या कितीतरी पुढची पायरी आली. तिथून पुढे जाण्यासाठी देशाला ज्या अटी घालण्यात आल्या, त्यांत न्यायव्यवस्था सुधारणं आणि भ्रष्टाचाराला आळा घालणं या अटी ठळक होत्या. रोमन तीन वर्षं एका उतारासाठी नेमकं हेच मागत होता.

१० सप्टेंबर २०२२ रोजी युक्रेनी फौजांनी इझ्यूम परत घेतलं. शहराबाहेरच्या पाइनच्या वनात चारशेहून अधिक कबरी सापडल्या. त्याच महिन्यात कीव्हच्या नगर परिषदेने सोलोम्यान्स्की भागातल्या वोल्गोग्राद रस्त्याला रोमन रातुश्नीचं नाव दिलं. रशियन आणि सोव्हिएत नावं उतरवून शेकडो रस्त्यांचं नव्याने बारसं करण्याची मोहीम तेव्हा सुरू होती. रोमनने ज्या महापालिकेशी एवढा झगडा केला तिनेच हा ठराव केला.

मैदानावर वयात आलेली ही पिढी युद्धात झपाट्याने ओसरली. दमित्रो कोत्सुबाइलो अठराव्या वर्षी मैदानावर होता, चित्रं काढायचा म्हणून त्याला ‘दा विंची’ हे टोपणनाव पडलं, आणि २०१४पासून तो स्वयंसेवक म्हणून लढत होता. ७ मार्च २०२३ रोजी बाखमुतजवळ तो सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला, आणि त्याची अंत्यप्रार्थनाही सेंट मायकेल मठातच झाली. रोमन आणि तो यांच्या राजकीय विचारांत बरंच अंतर होतं. दोघांचा आरंभ एकाच चौकातून झाला होता.

रातुश्नी घराने युद्धाला आणखी दिलं. वडील तारासही सैन्यात दाखल झाले होते, आणि भाऊ वासिल पहिल्या वर्षापासून आघाडीवर होता. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी वासिलही लढताना मारला गेला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. स्वितलाना पोवाल्यायेवा आणि तारास रातुश्नी यांचे दोन्ही मुलगे या युद्धात गेले.